मागं सरका, लेकरं उचला

२ जानेवारी १९६१, तेरखेडा

आजपासून रोजनिशी. मोठे आर्टिस्ट ठेवतात म्हणे. कालच सुरू करणार होतो, पण काल रविवार होता. मराठीत लिहितोय, कारण उर्दूत लिहिली तर अब्बा वाचतील. मराठी अक्षर त्यांना लागत नाही.

नवीन वर्षाचे निश्चय. पहाटे पाचला उठून आवाजाचा रियाज. विडी बंद. दारूकामाच्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. (शोभेची दारू. आमच्या गावात घरोघर हाच धंदा. पुढंमागं माझं नाव झाल्यावर बाहेरगावच्या कुणी ही वही वाचली तर गैरसमज नको.)

मी वजीर, वय एकतीस, धंदा नकला. हँडबिलावर 'मास्टर वजीर तेरखेडकर, हास्याचा बादशहा'. हँडबिलं अजून छापायची आहेत.

३ जानेवारी

पाचला उठलो नाही. थंडीत गळा आखडतो आणि गळा हेच माझं भांडवल. उन्हं वर आल्यावर उठलो. मग विडी, कारण सोडायची तर हळूहळू सोडावी असं बलभीम म्हणतो. बलभीम हा माझा दोस्त. गावात लाऊडस्पीकर त्याचा, माईक त्याचा, आवाज माझा.

९ जानेवारी

शेडमध्ये पाय ठेवला नाही. अब्बांचा डबा दाराबाहेर उभं राहून आत सरकवला. नळ्यांत दारू ठासायला बसतोस का, अब्बांनी विचारलं. म्हटलं, मी आर्टिस्ट आहे. तोट्यांचे बार उडवून उडवून अब्बांचा एक कान गेलाय, दुसरा अर्धा आहे. ते म्हणाले, बरं, मग वाती वळ.

वळल्या नाहीत. थोड्या वळल्या.

घराला सध्या मोराचं वेड लागलंय. अब्बा यंदा बांबूचा मोर बांधताहेत, दोन पुरुष उंच. वात पेटली की आधी मान हलणार, मग पिसारा उघडणार, आणि पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा निळा जळणार. दारूकामात निळा रंग सगळ्यांत अवघड. कैक वर्षं अब्बांना तो जमत नव्हता, यंदा जमला. अम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. माझ्या नवीन आयटमबद्दल अम्मा कुणाला सांगत नाही.

३० जानेवारी

काल प्रोग्राम झाला. तुफान.

पद्धत अशी की कुठल्याही जत्रेत आधी माझ्या नकला, मग अब्बांची दारू. बलभीम म्हणतो, सांगाडे उभे करायला वेळ लागतो, तोवर पब्लिक उठून जाऊ नये म्हणून तुला उभा करतात. बलभीमला उलटं समजलंय. एवढं हसल्यावर माणसाला एकदम घरी पाठवणं बरं नाही, म्हणून नंतर दारू उडवतात.

'निजामाचा तहसीलदार आणि मुंबईचा साहेब' हा आयटम लोकांनी एकदम शांततेत ऐकला. विचार करायला लावणारा विनोद आहे. 'अब्बा' हा आयटम किरकोळ, दोन मिनिटांचा, पण लोक त्यालाच लोळतात. मी अब्बांसारखा वाकून वात पेटवतो, लेंगा वर धरून पळतो, चिरक्या आवाजात ओरडतो, "मागं सरका रं बाबांनो! लेकरं उचला!" मग पळता पळता मधेच थांबतो, वात पेटली की नाही अशी शंका येऊन मागं वळून बघतो, आणि परत पळतो. वन्स मोअर तीन वेळा.

अब्बांनी तो अजून पाहिलेला नाही. मी स्टेजवर असतो तेव्हा ते लांब, सांगाड्यामागं असतात, आणि कान तर तसा. त्यांना मुद्दाम सांगायची काही गरज नाही. मोठी माणसं कामात असतात.

११ फेब्रुवारी

आज एस.टी.त कंडक्टर ओरडला, "मागं सरका, लेकरं उचला!" अख्खी गाडी हसली. मी उठून हात जोडले. कंडक्टर मला ओळखत नव्हता. यालाच कीर्ती म्हणतात. वाक्य माणसाच्या पुढं निघून जातं.

२० फेब्रुवारी

शिरगणतीवाले मास्तर घरी आले. मातृभाषा? अब्बा म्हणाले, उर्दू. आणखी कोणती येते? म्हणाले, मराठी. मग म्हणाले, "वात पेटली की म्या मराठीच बोलतो, मास्तर." मास्तर हसले. अब्बा विनोद करत नव्हते. अब्बांना विनोद येत नाही, हेच माझं दुःख आहे.

मला धंदा विचारला. मी म्हटलं, कलावंत. अब्बा म्हणाले, काही नाही. मास्तरांनी दोघांच्या मधलं लिहिलं : घरच्या धंद्यात मदत. म्हणजे आता दिल्लीपर्यंत हीच नोंद जाणार! निजामाच्या राज्यात मी शाळेत मराठी बोललो की मार खायचो. आता कचेरीत नाव सांगितलं की कारकून वर बघतो. आणि घरात मी मदत. ठीक आहे. जो वर बघतो त्याला हसवून खाली बघायला लावणं हा माझा धंदा. लिहा म्हणावं काय लिहायचं ते.

रोजा धरलाय. दुपारी बलभीमकडं चहा घेतला, पण तो गळ्यासाठी. पोटाचा त्याच्याशी संबंध नाही.

१९ मार्च

काल ईद. शिरखुर्मा होता, खैरून नव्हती.

खैरुनबी म्हणजे माझी बायको. थंडीच्या सुरुवातीपासून माहेरी, तामलवाडीला. तिच्या भावाच्या लग्नात मी सासूची नक्कल केली. सगळा मांडव हसला. सासू जेवली नाही. यात माझी चूक एवढीच की नक्कल फार हुबेहूब झाली.

२१ मार्च

तामलवाडीला जाऊन आलो. नवीन सदरा घातला होता. खैरून जोंधळे पाखडत होती. सुपावरून मान वर केली नाही. मी ईदी दिली, ती तिनं बाजूला ठेवली. मग दोन-तीन नवीन नकला करून दाखवल्या. सासू आतून खोकली.

खैरून कधीच हसत नाही. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. मी तिला विचारलं, गाव हसतं, जत्रा हसते, तुला काय होतं? ती म्हणाली, गाव हसतं कारण गाव तुमच्यासोबत राहत नाही. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "अब्बा की नक्कल करते ना गांवगांव? अब्बा के सामने कभी किये क्या? करो. अब्बा हँसे तो मैं आती."

एवढंच? मी म्हटलं, उद्याच करतो.

परतताना गाडीत फार आनंदात होतो. येडशीच्या पुढं आयटम मनात म्हणून बघितला, तर मधलं वाक्यच आठवेना. गाडी फार आदळत होती.

२२ मार्च

अब्बा मोराची मान बांधत होते. कामात व्यत्यय नको.

२४ मार्च

अब्बांना थोडा ताप. आजारी माणसाला हसवू नये.

२७ मार्च

अब्बांचा ताप उतरला. आज माझा गळा बसला.

असं घरात, शेणाच्या सारवणावर उभं राहून करण्याचा हा आयटमच नाही. त्याला पब्लिक लागतं. अब्बांनी तो जत्रेतच बघितला पाहिजे. निश्चय पक्का.

२ एप्रिल

काल येरमाळ्याच्या यात्रेत. बोलावणं नव्हतं. कलावंताला बोलावणं लागत नाही. बलभीमनं रस्त्याच्या कडेला माईक लावला आणि मी 'अब्बा' केला. काय सांगू! जिथवर नजर जाईल तिथवर माणसं वाकली. हजारो माणसं एकाच वेळी हसून दुमडलेली मी प्रथमच पाहिली.

बलभीम म्हणतो, ती माणसं देवीच्या देवळाच्या चुन्यासाठी चुनखडीचे खडे वेचायला वाकली होती, दरवर्षीच वाकतात. काही वाकली असतील त्यासाठी. सगळीच नाही.

मोठी बातमी राहिलीच. सोलापूरचे शिवलिंगप्पा भेटले. त्यांचा करमणुकीचा तंबू आहे, गावोगाव फिरतो, वीस-पंचवीस आर्टिस्ट पदरी. त्यांनी बलभीमला विचारलं, ते 'लेकरं उचला' कोण म्हणतं ओ? यात्रेत जो तो तेच म्हणायला लागलाय. बलभीमनं माझ्याकडं बोट केलं. शिवलिंगप्पांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, बाभूळवाडीच्या जत्रेला येतो, बघतो.

बाभूळवाडीलाच मोराचा पहिला खेळ आहे. म्हणजे अब्बा तिथं, शिवलिंगप्पा तिथं, पब्लिक तिथं. एका रात्रीत सगळी कामं.

१२ एप्रिल

योजना. बलभीम एक कर्णा अब्बांच्या चांगल्या कानाच्या दिशेनं बांधणार. अब्बा ऐकणार, मग बघणार, मग हसणार. शिवलिंगप्पा करार करणार. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तामलवाडी. खैरूनला घेऊन थेट सोलापूर. सोलापुरात खोली बघावी लागेल. नळाचं पाणी असलेली.

पाचला उठणं सोलापूरला गेल्यावर सुरू करीन. तिथं गिरणीचा भोंगा असतो, आपोआप जाग येते.

२१ एप्रिल

आज लिहायचं नाही.

२२ एप्रिल

लिहितो. माझ्यावर उगाच आळ नको.

प्रोग्राम भारी झाला, हे आधी नोंदवतो. बाभूळवाडीचं पब्लिक पुढं पुढं सरकत दारूकामाभोवती बांधलेल्या दोरीच्या पार आत येऊन बसलं. बायका, मांडीवर पोरं. माझ्या प्रोग्रामला लोक पुढं सरकतात, ही माझी कमाई. 'अब्बा' केला. कर्ण्यातून अब्बांनी ऐकला. ते मोराजवळ उभे होते. त्यांनी आधी कर्ण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं बघूनच परत एकदा केला, वाकून, लेंगा धरून, चिरक्या आवाजात, सगळं. ते हसले नाहीत. खाली वाकून वात तपासत बसले.

मग हिंमतरावांनी, म्हणजे तिथल्या पंचांनी, खूण केली. अब्बांनी वात पेटवली आणि लेंगा धरून पळाले. ओरडले, "मागं सरका रं बाबांनो! लेकरं उचला!"

अख्खी जत्रा हसली. एकही माणूस हलला नाही.

अब्बा पुन्हा ओरडले. लोक आणखी हसले, वन्स मोअर म्हणाले, कुणी टोपी उडवली. वारा फिरला होता, लोकांकडं वाहत होता. मी माईक घेऊन ओरडलो, खरंच सरका, ही नक्कल नाही! ते तर फारच आवडलं त्यांना. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा हशा तो. मला तो नको होता. पाया पडतो, सरका, असं मी म्हणालो, तर एक म्हातारी हसता हसता रडायला लागली. दोरीच्या आत एक पोर उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

मोराची मान हलली. ती मी पाहिली. खरंच हलली, डावीकडं आणि उजवीकडं. अब्बा परत फिरले, पेटत्या सांगाड्याला दोन्ही हात लावले आणि मोर मागच्या मागं पाडला. पिसारा मातीत तोंड खुपसून जळला. कडेनं थोडा निळा उजेड दिसला, मग धूर.

कुणाला काही लागलं नाही. अब्बांचे दोन्ही तळहात भाजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत अब्बांनी भाजलेले हात वाऱ्याला धरले आणि माझ्याकडं पाठ करून बसले. 

२३ एप्रिल

शिवलिंगप्पांचा निरोप बलभीमनं आणला. त्यांना खेळ फार आवडला. ते म्हणाले, तो म्हातारा लई भारी हाय, परत परत काय ओरडतो, काय पळतो! त्याला तंबूत आणता का? संगट ते पोरगं आलं तरी चालंल, माईक धरायला.

यावर मला काही म्हणायचं नाही. शिवलिंगप्पांना कलेतलं कळत नाही. वीस-पंचवीस आर्टिस्ट पदरी ठेवून माणसाची नजर मरते.

२५ एप्रिल

खैरून आली! न सांगता, पहिल्या गाडीनं. शेवटी कीर्ती खेचून आणतेच.

अम्मा म्हणाली, ती अब्बांचे हात भाजल्याचं ऐकून आली. दिवसातून तीन वेळा अब्बांना हातानं भरवते. माझ्याशी अम्मामार्फत बोलते. मी समोर बसलेलो असताना अम्माला म्हणते, त्यांना सांगा भाकरी झाली.

४ मे

हिंमतराव आले. मला वाटलं, भांडायला आले. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं चढ्या आवाजातलं. पण ते अब्बांच्या खाटेजवळ खाली बसले आणि म्हणाले, "लालमहंमदभाई, चूक आमच्या गावची. लोकास्नी कळलं न्हाय. पर आमच्या लेकरांनी मोर बघितला न्हाय वो. पावसाच्या आत परत बांधता का?"

अब्बांनी पट्टीतले हात वर करून दाखवले. मग घरातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी बाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं.

५ मे

शेडमध्ये पाय ठेवला. निश्चय मोडला असं नाही. नळे ठासताना माणूस कसा बसतो, कसा कण्हतो, हे जवळून बघितल्याशिवाय नक्कल पक्की होत नाही. अभ्यास म्हणून बसलो. ठासायला नळे होतेच, म्हणून तेही ठासले.

१३ मे

बांबू बांधतोय. अब्बा खाटेवरून सांगतात, मी बांधतो, ते सोडायला लावतात, मी परत बांधतो. आज पहाटे पाचला उठलो. ऊन व्हायच्या आत दारू मळावी लागते. रियाजाचा आणि याचा संबंध नाही, तरी नोंदवून ठेवतो.

१६ मे

आज दुपारी अब्बा अचानक म्हणाले, ते करून दाखव. काय, म्हटलं. ते, म्हणाले. तुझं ते.

खैरून दारात होती. अम्माही आली. घरात, सारवणावर, पब्लिक नाही, माईक नाही. हात काळे. केला. वाकलो, पळालो, ओरडलो, थांबलो, मागं वळून पाहिलं.

अब्बा हसले नाहीत. विचारलं, तू मधेच थांबून मागं का बघतोस? म्हटलं, तुम्ही बघता म्हणून. मी का बघतो? म्हटलं, वात पेटली का ते बघायला.

"नै रे," अब्बा म्हणाले. "किसका बच्चा पीछे रहा क्या, वो देखने."

एवढंच बोलून ते कुशीवर वळले.

हे आधी सांगितलं असतं तर आयटम केव्हाच सुधारला असता. मला फार वाईट वाटलं. आयटमबद्दल नाही.

२३ मे

हिंमतरावांची एक अट. खेळाच्या वेळी 'सरका' हा शब्द कुणीही उच्चारायचा नाही. लालमहंमदभाईंनी नाही, पंचांनी नाही, मी तर नाहीच. गावात आता तो शब्द ऐकला की तान्हं पोरही हसतं, बैल सरकवायचीसुद्धा पंचाईत झालीय. त्याऐवजी शिट्टी. पोलीस पाटलांची शिट्टी मागून आणलीय आणि ती मी वाजवायची. नकला होणार नाहीत.

म्हणजे बघा. अख्खी जत्रा माझ्या एका शिट्टीवर हलणार. असा मान कुठल्या आर्टिस्टला मिळालाय? शिट्टीतही करण्यासारखं खूप आहे. एक लांब, दोन आखूड, मधेच डोळा मिचकावायचा.

खैरूनला करून दाखवली. तिनं अम्माला म्हटलं, त्यांना सांगा, साधी वाजवा.

२९ मे

काल बाभूळवाडी.

साधी वाजवली. डोळा मिचकावला नाही. सगळे मुकाट्यानं मागं सरकले. बायकांनी पोरं उचलली. कुणी हसलं नाही. एवढं मोठं पब्लिक इतकं गप्प माझ्यासमोर 'तहसीलदारा'लासुद्धा नव्हतं.

अब्बांच्या हातांवर नवी कातडी आलीय, गुलाबी. त्यांनीच वात पेटवली, लेंगा धरून पळाले, थांबले आणि मागं वळून पाहिलं. मोराची मान डावीकडं झाली, उजवीकडं झाली, पिसारा उघडायला लागला आणि सगळे डोळे एकेक करून निळे पेटले. तो खालचा सगळा भाग मी बांधला होता. मी बघत उभा होतो. दोरीच्या आत, तोंडात शिट्टी, अगदी जवळ. मला कळलंच नाही.

अब्बा परत आले, माझ्या काखेत हात घातला आणि जीव खाऊन ओरडले, "मागं सरक रं, मागं सरक!" घरात ते माझ्याशी जन्मात मराठी बोललेले नाहीत.

जत्रेत हशा फुटला. हिंमतराव फेटा सावरत हसत होते. बलभीम माईकवर हसला, ते कर्ण्यातून तीन गावांत गेलं. अब्बा मला ओढत दोरीबाहेर आले, धापा टाकत सगळीकडं पाहिलं, लोक का हसताहेत ते त्यांना कळलं, आणि मग अब्बा हसले. वरच्या दोन दातांची जागा रिकामी आहे, ती दिसली. बायकांच्या बाजूला खैरून तोंडाला पदर लावून हलत होती. लग्नापासून पहिल्यांदा.

परतताना गाडीत ती थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, अब्बा हसले. मी म्हटलं, बघितलंस ना, शेवटी माझ्याच आयटमला हसले. ती म्हणाली, तुमचा कुठला, ते तर अब्बांनी केलं.

वाक्य अब्बांचं होतं, हे मी मान्य करतो. पण उचललेलं लेकरू मीच होतो.